वैजनाथ : एका नामाचा ऐतिहासिक व सांस्कृतिक अभ्यास

बीड जिल्ह्यातील परळी येथील ज्योतिर्लिंगाचे नाव ‘वैद्यनाथ’ व ‘वैजनाथ’ अशा दोन रूपांत प्रचलित आहे. यांपैकी दुसरे रूप अशुद्ध समजून टाळण्याकडे सुशिक्षितांचा कल दिसतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भाषिकदृष्ट्या पाहता संस्कृतातील ‘द्य’ या जोडाक्षराचे प्राकृतात ‘ज्ज’ व पुढे मराठीत ‘ज’ होणे नियमित आहे. विद्युत् या शब्दापासून वीज, अद्यपासून आज झाले. त्याच न्यायाने वैद्य या शब्दाचे प्राकृत रूप ‘वेज्ज’ होते. ‘वैजनाथ’ या नामात व्यंजन प्राकृत वळणाचे, तर ‘ऐ’ हा स्वर संस्कृताचा आहे. म्हणजेच हे रूप अपभ्रष्ट नसून पंडित व लोक या दोन्ही परंपरांच्या मेळातून घडलेले आहे.

नामाचा अर्थ आख्यायिकेने जपला आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत व धन्वंतरी विष्णूने या लिंगात लपविले. दैत्यांनी स्पर्श करताच ज्वाळा निघाल्या, भक्तांना मात्र अमृत लाभले, अशी ही कथा आहे. भाविकांनी लिंगास स्वहस्ते स्पर्श करण्याच्या येथील प्रथेचा संबंध याच कथेशी जोडला जातो. दुसरी कथा सुमारे २५ किलोमीटरवरील अंबाजोगाईची. कोकणातून आलेल्या योगेश्वरीचा वैजनाथाशी ठरलेला विवाह मुहूर्त टळल्याने झाला नाही व वऱ्हाड पाषाण झाले, असे सांगितले जाते. तेथील हत्तीखाना लेण्यांतील शिल्पांकडे लोकमानस याच दृष्टीने पाहते. ही कथा इतिहास नव्हे. तथापि कोकणातील अनेक कुळांची कुलदेवता मराठवाड्यात कशी, या प्रश्नाला लोकांनी दिलेले ते उत्तर आहे.

काव्यपरंपरेत सरस्वती गंगाधर यांच्या ‘गुरुचरित्र’ या ओवीबद्ध ग्रंथात नृसिंह सरस्वती वैजनाथ क्षेत्री गुप्तपणे राहिल्याचा वृत्तांत येतो. परंपरा हे क्षेत्र परळीच मानते. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात मात्र पाठभेद असून त्यामुळे झारखंडातील देवघर हेही वैद्यनाथाचे स्थान म्हणून मान्यता पावले आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला.

लोकजीवनात दोन्ही रूपांनी आपापले क्षेत्र वाटून घेतले आहे. परळीच्या महाविद्यालयाने ‘वैद्यनाथ’ हे नाव धारण केले, तर रेल्वे स्थानकाने ‘परळी वैजनाथ’ जपले. मराठवाड्यातील घराघरांत मुलाचे नाव मात्र वैजनाथ किंवा वैजिनाथ असेच ठेवले जाते.

सारांश, एका रूपात शास्त्र बोलते, दुसऱ्यात लोक. शाळेच्या दाखल्यावर अगर ग्रामनामाच्या फलकावर ‘वैजनाथ’ खोडून ‘वैद्यनाथ’ लिहिणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. मराठी भाषेच्या जडणघडणीचा एक जिवंत पुरावा त्यामुळे पुसला जातो. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी नामांची ही लोकरूपे जशीच्या तशी नोंदविणे म्हणूनच अगत्याचे आहे.