चवदार तळ्याचा खटला: दहा वर्षं कोर्टात काय चाललं होतं?

मी म्हसळ्यातून बोलतोय. शंभर वर्षांपूर्वी आपलं म्हसळा जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होतं, तर महाड इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात. म्हणून इंग्रजी कायदा प्रत्यक्षात कसा चालायचा, हे बघायला आज महाडला जाऊ.

२० मार्च १९२७. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कमी जणांना माहीत असतं.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात महाडच्या काही स्पृश्य हिंदूंनी दिवाणी कोर्टात दावा लावला: तळं आमचं आहे, यांना बंदी करा. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. हजारो लोक जमले होते, पण लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला आणि कोर्टात लढायचं ठरवलं.

आता गंमत बघा. अस्पृश्यता बरोबर की चूक, हा कोर्टापुढचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता वहिवाटीचा. इंग्रजी कायद्यात रूढीला मान आहे, पण ती अनादी काळापासूनची हवी. आणि ज्याने दावा लावला, त्यानेच ते सिद्ध करायचं. तळं तर निघालं नगरपालिकेचं! मग वादींकडे उरली फक्त रूढी. अलीकडच्या काळात अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते, एवढं दिसलं. पण तळ्याभोवती स्पृश्यांची घरं होण्याआधीही बंदी होती, हे कशावरून?

१९३१ मध्ये महाडला वादी हरले. १९३३ मध्ये ठाण्याला अपिलात हरले. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टातही हरले. तिथल्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच.

म्हणजे एका तळ्यासाठी दहा वर्षं गेली. आणि अशी रूढी मुळात अन्याय्य आहे का? हायकोर्टाने त्यात शिरायची गरजच ठेवली नाही. रूढी सिद्ध झाली नाही, विषय संपला. मला वाटतं, या कायद्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथेच दिसतात. समोर कोण आहे हे न बघता तो पुरावा मागतो, पण विचारलं त्यापलीकडे सहसा बोलत नाही.

ते उत्तर १९५० मध्ये राज्यघटनेने दिलं. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि कलम १५ वाचा: त्यात विहिरी आणि तळी असे शब्दच आहेत. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे तुम्हाला सांगायला नको.

भेटू पुढच्या भागात!