बांबूचा परवाना

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने मालविक्रीचे धडे गिरवले ते अभ्यासगटांत आणि सर्वसहमतीने चालणाऱ्या ग्रामसभेत. १९२७च्या वन कायद्याने बांबू झाडांत मोजला, त्यामुळे विक्री वनखात्याच्या हाती राहिली. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला आणि २००९मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी माल हलेना: वाहतूक परवान्याशिवाय ट्रक नाक्यापुढे जात नसे आणि परवान्यांचे पुस्तक खात्याकडेच! २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर व्यापारी भाव घेऊन गावात येऊ लागले.