टेलिफोनचे आंकडे : दिघीच्या माळापासून जगापर्यंत

पुण्याहून आळंदीच्या वाटेला लागलें, कीं विश्रांतवाडी मागें पडते आणि दिघीचा माळ लागतो. ज्येष्ठ वद्यांत माउलींची पालखी याच वाटेनें पुण्याकडे येते. पण या भागाचा आणखीहि एक इतिहास आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. १९२७ सालीं ‘इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी’नें खडकीला संदेश पाठविण्याचें व दौंडला ते घेण्याचें अशीं दोन बिनतारी केंद्रें उभारलीं आणि हिंदुस्थान व इंग्लंड हे देश आकाशमार्गें जोडले गेले. १९३३ मध्यें याच सोयीच्या आधारें मुंबई व लंडन यांच्यांत प्रत्यक्ष बोलणें सुरू झालें. १९४७ च्या आरंभीं ही सारी यंत्रणा सरकारनें आपल्या हातीं घेतली. तीच पुढें १९८६ सालीं ‘विदेश संचार निगम’ झाली. दिघी येथें या निगमाची जी पांचशें एकरांहून अधिक जमीन शिल्लक राहिली, ती त्या पर्वाची खूण होय.

आतां गंमत अशी, कीं त्या काळीं लंडनला बोलावयाचें म्हणजे नंबर फिरवावयाचा, ही कल्पनाच नव्हती. ऑपरेटरला विनंती करावयाची, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें आणि मग बोलावयाचें. आज घरांतलें लहान मूल दहाबारा आंकडे दाबून सातासमुद्रांपलीकडच्या आजोबांशीं बोलतें. या दोन स्थितींच्या मध्यें जें घडलें, तो टेलिफोनच्या आंकड्यांचा इतिहास आहे.

२८ जानेवारी १८८२ या दिवशीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोन एक्स्चेंजें उघडलीं. ग्राहक मूठभर, ऑपरेटरला नांव सांगितलें तरी भागत असे. पुढें सिमल्यास १९१३-१४ च्या सुमारास आपल्या देशांतलें पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज आलें आणि प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. माणूस नांव ओळखतो. यंत्र नांव ओळखत नाहीं. त्याला फक्त ठोके मोजतां येतात. डायलवर आपण पांच फिरविले, कीं तारेंतून पांच ठोके जातात व एक्स्चेंजमधला दांडा पांच घरें वर चढतो. पहिला आंकडा मोठा गट निवडतो, दुसरा त्यांतला लहान गट, आणि शेवटचा आंकडा नेमकें एक घर. पत्रावरील पत्ता घरापासून देशापर्यंत चढत जातो, तर टेलिफोनचा नंबर देशापासून घरापर्यंत उतरत येतो. नंबर म्हणजे यंत्राला कळेल अशा भाषेंत लिहिलेला पत्ताच होय.

गांवांतल्या गांवांत हें सोपें होतें. परगांवीं बोलावयाचें म्हणजे मात्र ट्रंक कॉल. तो लागेपर्यंत तास, कधीं दिवसहि जाई. १९६० सालीं लखनौ व कानपूर या शहरांमध्यें ग्राहकानें स्वतःच नंबर फिरवून परगांवीं बोलण्याची सोय झाली. तिलाच आपण एस.टी.डी. म्हणूं लागलों. ही सोय देशभर पसरावयाची तर प्रत्येक गांवाला स्वतःचा कोड हवा, आणि आपण गांवाबाहेर चाललों आहोंत हें यंत्राला आरंभींच कळावयास हवें. त्यासाठीं शून्य राखून ठेवण्यांत आलें. दिल्लीला ११, मुंबईला २२, कलकत्त्याला ३३, मद्रासला ४४ असे जोडआंकडे मिळाले.

या वांटणींत मराठी माणसानें लक्ष द्यावें असें कांहीं आहे. नाशिक २५३, कोल्हापूर २३१, सोलापूर २१७. सारे २ च्या घरांत. पण नागपूर ७१२, अमरावती ७२१, अकोला ७२४. म्हणजे विदर्भ ७ च्या घरांत. बेळगांव ८३१ आणि गोवा ८३२ हे तर ८ च्या घरांत शेजारी शेजारी. राज्यांच्या सीमा एका रेषेनें गेल्या, तारांच्या सीमा दुसऱ्या रेषेनें. नकाशा भाषेचा असतो, इतिहासाचा असतो, तसा तारांचाहि असतो, आणि हे नकाशे एकमेकांवर नेमके बसत नाहींत.

आपल्या पुण्याचा कोड प्रथम ०२१२ होता. योगायोग असा, कीं अमेरिकेनें १९४७ सालीं आपले विभाग पाडले तेव्हां न्यूयॉर्कला जो कोड दिला तोहि २१२ च. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचा कोड ०२० झाला. मोठ्या शहराचा कोड लहान कां करावा, असें कोणास वाटेल. त्याचें उत्तर साध्या हिशेबांत आहे. एकंदर आंकडे दहा ठरले. कोडानें जितकी जागा कमी घ्यावी, तितकी ग्राहकांच्या नंबरांना अधिक उरते. पुण्याचा कोड, आरंभींचें शून्य सोडून, दोन आंकड्यांचा. म्हणून नंबर आठ आंकडी. चाकण व राजगुरुनगर यांचा कोड ०२१३५. शून्य सोडून चार आंकडे, म्हणून तेथील नंबर सहा आंकडी. दोहोंची बेरीज दहाच. दिघी पुण्याच्या कोडांत, चाकण खेडच्या कोडांत. अंतर थोड्या मैलांचें, पण यंत्राच्या दृष्टीनें गांव निराळें.

पुण्यांतील सहा आंकडी नंबर सात आंकडी झाले, आणि २००३ च्या सुमारास जुन्या नंबरांमागें २ लावून ते आठ आंकडी झाले. पिंपरी-चिंचवडकडील नंबर २७ नें सुरू होऊं लागले ते तेव्हांपासून. ज्या घरांत टेलिफोनजवळ एखादी जुनी वही असेल, तिचीं पानें उघडून पाहावीं. एकाच मामाच्या नांवापुढें तीन नंबर, दोन खोडलेले. देशाच्या नियोजनाचा इतिहास त्या खाडाखोडींत वाचावयास मिळतो.

हें नियोजन देशापुरतें थांबत नाहीं. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें जगाचे नऊ विभाग पाडले. १ उत्तर अमेरिकेला, ३ व ४ युरोपाला, ७ रशियाला. ९ च्या विभागांत हिंदुस्थानच्या वांट्यास ९१ आला. देशाच्या कोडासकट कोणताहि नंबर पंधरा आंकड्यांहून लांब असूं नये, हा नियमहि त्या संघाचाच. आपल्या देशांत दूरसंचार विभाग नंबर वांटतो, आणि १९९७ सालीं स्थापन झालेलें नियामक प्राधिकरण त्याला सल्ला देतें.

परंतु दूरदृष्टीलाहि मर्यादा असते. २००३ च्या योजनेनें ७५ कोटी जोडण्यांची तरतूद केली. त्यांत ४५ कोटी मोबाइलच्या होत्या. ती २०३० पर्यंत पुरावी असा अंदाज होता. तो अंदाज कांहीं वर्षांतच मागें पडला. आज देशांत मोबाइलच शंभर कोटींहून अधिक आहेत. मोबाइलला प्रथम ९ चें घर होतें. मग ८, ७ आणि ६ हीं घरेंहि उघडावीं लागलीं. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या टेलिफोनवरून मोबाइल लावतांना आरंभीं शून्य फिरवावें लागूं लागलें. पुष्कळांना तो उगाच त्रास वाटला. पण त्या एका शून्यामुळें यंत्राला स्थानिक नंबर व मोबाइल यांतील भेद आरंभींच कळतो, आणि सुमारें २५४ कोटी नवे नंबर मोकळे होतात. यंत्रांनीं यंत्रांशीं बोलावयाच्या जोडण्यांना तर तेरा आंकडी नंबर निराळे काढून दिले आहेत.

मग नंबर कोणाचा? जानेवारी २०११ पासून कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याची मुभा देशभर मिळाली. तेव्हां तो आपलाच, असें आपल्याला वाटूं लागलें. आज बँक, पेन्शन, रेशनकार्ड, सारें त्या दहा आंकड्यांना बांधलेलें आहे. पण बंद पडलेला नंबर कांहीं महिन्यांनीं दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. एखाद्या विधवेनें पतीचा नंबर बंद होऊं दिला, तर बँकेचा निरोप परक्याच्या हातीं पडूं शकतो. नंबर दुर्मिळ म्हणून तो फिरून वांटावा लागतो, हें खरें. पण वांटणाऱ्यानें जुना धागा तुटल्याची खात्री करून घेणें आणि आपण बँकेस वेळींच कळविणें, हीं दोन्हीं कर्तव्यें तितकींच खरीं.

पूर्वीं प्रत्येक गांवाला गायरान असे. तें कोणा एकाचें नसे, म्हणून सर्वांचें असे; आणि कोणी राखलें नाहीं तर लवकरच उजाड होई. टेलिफोनचे आंकडे हें देशाचें गायरान आहे. एके काळीं या परिसरांतून निघालेला शब्द ऑपरेटरच्या हातून लंडनला पोंचत असे. आज तो आंकड्यांच्या हातून जगभर पोंचतो. हात बदलला, पण विश्वास मात्र तोच लागतो : आपण ज्याला हांक मारली, त्यालाच ती ऐकूं जावी.