‘बैजू बावरा’ : आख्यायिका, कालक्रम आणि गायकी

विजय भट्ट यांचा ‘बैजू बावरा’ हा हिंदी बोलपट १९५२ साली प्रदर्शित झाला. तानसेनाच्या पहारेकऱ्यांमुळे ज्याच्या पित्याचा अंत होतो, तो बैजू सूडाच्या हेतूने गायनविद्या संपादन करतो आणि अकबराच्या दरबारात तानसेनास जिंकतो, हे त्याचे कथासूत्र होय. ते इतिहासास धरून नाही, हे दाखविण्यास फारसे पांडित्य लागत नाही. तानसेन अकबराच्या पदरी आला तो १५६२ साली. त्याचा मृत्यू १५८९ चा. ‘आईन-इ-अकबरी’तील दरबारी कलावंतांच्या यादीत तानसेन अग्रभागी आहे, बैजूचे नाव तीत नाही. परंपरा बैजूचा संबंध ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराशी जोडते, आणि मानसिंहाची कारकीर्द १५१६ साली संपली. त्या वेळी बैजू पंचविशीत होता असे धरले, तरी १५६२ साली त्याने सत्तरी ओलांडलेली असणार! पडद्यावरील भारतभूषणच्या कोवळ्या मुद्रेशी हा हिशेब जुळत नाही.

परंतु एवढ्यावर प्रकरण मिटवून टाकणे म्हणजे साधनाचा अर्धाच उपयोग करणे होय. सोळाव्या शतकाविषयी हा बोलपट अविश्वसनीय असला, तरी विसाव्या शतकातील संगीताविषयी तो बहुमोल साक्ष देतो.

दरबारातील सामन्याचेच उदाहरण घ्यावे. बैजू व तानसेन हे दोघेही ध्रुपदिये. संगीतकार नौशाद यांनी मात्र त्यांच्या मुखी देसी रागातील द्रुत ख्याल घातला. ख्यालाला खरा बहर आला तो अठराव्या शतकात, महंमदशाह रंगीले याच्या दरबारी असलेल्या सदारंगाच्या रचनांमुळे. म्हणजे सामना अकबराच्या काळचा, गायकी दोन शतकांनंतरची. तानसेनासाठी गायिले अमीर खाँ; बैजूसाठी द. वि. पलुसकर. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. पलुसकरांचे वडील विष्णु दिगंबर हे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. बाळकृष्णबुवांची विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्यामार्फत ग्वाल्हेरच्या हस्सू-हद्दू खाँपर्यंत पोचते. मानसिंहाच्या ग्वाल्हेरातून निघालेली गायकी कृष्णाकाठी येऊन स्थिरावली आणि एका मराठी गायकाच्या कंठातून ग्वाल्हेरच्या बैजूला परत मिळाली. चित्रकर्त्यांनी असा विचार केला असेल असे नव्हे. पण घडले ते असे. पलुसकर त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५५ साली, ऐन तारुण्यात निवर्तले.

नायकाच्या उपपदाचाही विचार करावयास हवा. ‘बावरा’ हा शब्द संस्कृत ‘वातुल’, प्राकृत ‘वाउल’ या मार्गाने आलेला. आपला ‘बावळा’ त्याचाच सगोत्र. मराठीत त्याचा अर्थ मंदबुद्धीकडे झुकला. हिंदीत आणि बंगाली ‘बाउल’मध्ये मात्र ईश्वराच्या वा प्रेमाच्या वेडाची छटा टिकून राहिली. बोलपटाने याच छटेचा आधार घेतला. त्याचा बैजू राजाश्रयापासून दूर, मंदिरात मालकंसातील भजन गाणारा भक्त आहे. परंपरेतला बैजू मात्र मानसिंहाच्या आश्रयाचा गायक आहे. दरबारी कलावंतास दरबाराच्या विरोधात उभे करण्याची ही उलटापालट १९५२ साली प्रेक्षकांस रुचावी, हे स्वाभाविकच होते. संस्थाने विलीन होऊन थोडीच वर्षे झाली होती, आणि गवयांना नवा आश्रयदाता शोधणे भाग होते. शिवाय ते भजन रचणारे शकील बदायुनी, त्याला चाल देणारे नौशाद आणि ते गाणारे महंमद रफी, तिघेही मुसलमान. फाळणीला पाच वर्षे झाली असताना ही गोष्ट लहान नव्हती.

त्याच वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय नभोवाणीमंत्री झाले. अभिजात संगीताच्या कैवारापोटी त्यांच्या धोरणाने आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना जवळजवळ अर्धचंद्र दिला. १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू झाली तेव्हा त्यांना पुन्हा दार उघडले. अभिजात गायकी चित्रगृहांतून सामान्य श्रोत्यांपर्यंत नेणारा हा बोलपट नेमका त्या बंदीच्या उंबरठ्यावर आला होता.