ॲप-टॅक्सी, मुंबईतील

ॲप-टॅक्सी म्हणजे मोबाइल ॲपवरून मागवता येणारी भाड्याची मोटार. प्रवासी चढण्याचे व उतरण्याचे ठिकाण ॲपवर नोंदवतो. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव आणि अंदाजे भाडे त्याला गाडीत बसण्याआधीच कळते. गाडी चालकाची स्वतःची किंवा तिसऱ्याच मालकाची असते. ॲप चालवणारी कंपनी प्रवासी व चालक यांची गाठ घालून देते आणि त्याबद्दल कमिशन किंवा शुल्क घेते. कायद्यात अशा कंपनीला ‘ॲग्रिगेटर’, तर राज्य शासनाच्या मराठी आदेशांत ‘समुच्चयक’ म्हटले जाते. मुंबईत ही सेवा २०१० नंतर रुजली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे भाडे सरकारी प्राधिकरण ठरवते, तर ॲप-टॅक्सीचे भाडे दीर्घकाळ कंपन्यांनीच ठरवले. एकाच रस्त्यावर, एकाच कामासाठी असे दोन नियम लागू राहिल्याने या सेवेभोवतीचे बहुतेक वाद उद्भवले आहेत.

पूर्वपीठिका : स्वातंत्र्योत्तर मुंबईची टॅक्सी म्हणजे काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची फियाट. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून बनणारी फियाट ११०० डिलाइट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, अनेक दशके या व्यवसायाचा कणा होती. शहर भागात, म्हणजे माहीम व शीवच्या दक्षिणेस, ऑटोरिक्षांना परवानगी नसल्याने तेथे मीटरवर चालणारे वाहन म्हणजे टॅक्सीच. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे ठरल्यावर पद्मिनी टप्प्याटप्प्याने हटल्या. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तोवर सँट्रो, वॅगन-आर यांसारख्या गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात आल्या होत्या.

जुन्या व्यवस्थेचे गुण व दोष दोन्ही ठळक होते. दर सर्वांना एक, मीटर सर्वांसमोर, आणि नाक्यावर उभे राहून हात केला की गाडी मिळण्याची सोय. दुसरीकडे जवळचे भाडे नाकारणे, पाळी बदलायची वेळ झाल्याचे सांगून निघून जाणे, मीटर जास्त पळणे आणि रात्री विमानतळावरून अवाच्या सवा मागणी होणे या तक्रारी कायमच्या होत्या. २००७ पासून मेरूसारख्या कंपन्यांनी फोनवर बोलावता येणाऱ्या वातानुकूलित टॅक्सी आणल्या. गाडी घरी बोलावण्याची सवय मुंबईकरांना ॲपच्या आधी या टॅक्सींनी लावली.

आगमन : ‘ओला’ची सुरुवात २०१० मध्ये मुंबईत झाली. पवईच्या आयआयटीतून शिकलेले भाविश अगरवाल व अंकित भाटी हे तिचे संस्थापक. कंपनीचे मुख्यालय पुढे बंगळूरुला गेले. सॅन फ्रान्सिस्को येथे २००९ मध्ये स्थापन झालेली ‘उबर’ २०१३ मध्ये बंगळूरुमार्गे भारतात आली व २०१४ मध्ये मुंबईत सुरू झाली. दोन्ही कंपन्यांनी गुंतवणूकदारांच्या पैशातून प्रवाशाला सवलत आणि चालकाला प्रोत्साहन रक्कम, म्हणजे इन्सेन्टिव्ह, दिले. परिणामी काही काळ वातानुकूलित गाडीचे भाडे काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या आसपास, कधी त्याहूनही कमी पडे. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या चालकांची रीघ लागली. २०१५ मध्ये ओलाने टॅक्सीफॉरशुअर ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतल्यावर बाजार मुख्यतः दोन कंपन्यांच्या हाती आला.

कार्यपद्धती : ॲप प्रवाशाच्या फोनवरील जीपीएसवरून त्याची जागा ओळखते व जवळच्या लॉगिन केलेल्या चालकांकडे फेरीची विचारणा पाठवते. चालकाने ती स्वीकारली की गाडी नकाशावर दिसू लागते. गाडीत बसल्यावर प्रवाशाने सांगितलेला ओटीपी चालक आपल्या फोनवर भरतो आणि फेरी सुरू होते. भाडे रोखीने, यूपीआयने किंवा ॲपच्या खात्यातून दिले जाते. शेवटी दोघे एकमेकांना तारांकन देतात. तारांकन घसरले किंवा तक्रारी वाढल्या तर चालकाची ‘आयडी’ ब्लॉक होते, म्हणजे त्याला फेऱ्या मिळणे थांबते. भाडे नाकारण्याची जुनी अडचणही नव्या रूपात टिकून राहिली. चालक फोन करून ‘ड्रॉप कुठे, पेमेंट कॅश की ऑनलाइन’ असे विचारतो आणि उत्तर सोयीचे नसेल तर फेरी रद्द करतो, किंवा प्रवाशाला रद्द करायला लावतो.

भाडे : काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे भाडे मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते. त्यासाठी गाडीची किंमत, देखभाल, विमा, इंधन व राहणीमानाचा खर्च धरणारे सूत्र वापरले जाते. हकीम समितीने २०१२ मध्ये असे सूत्र दिले, तर २०१६ मध्ये नेमलेल्या खटुआ समितीने त्याची फेरमांडणी केली. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ₹ २८ वरून ₹ ३१ झाले. मध्यरात्र ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के जादा आकार असतो. त्याखेरीज पावसाळी तुंबई असो वा गणेशविसर्जन, दर बदलत नाही.

ॲप-टॅक्सीचे भाडे मागणीप्रमाणे हलते. मूळ दर, अंतर, लागणारा वेळ आणि त्या क्षणी त्या भागात प्रवासी किती व गाड्या किती, यांवर ते ठरते. लोकल बंद पडली किंवा मुसळधार पाऊस आला की ते दीडपट-दुप्पट होते. अशा वाढीमुळे अधिक चालक त्या भागाकडे वळतात, हा कंपन्यांचा युक्तिवाद. नेमक्या निकडीच्या वेळी प्रवाशाची अडवणूक होते, हा आक्षेप. एकाच सूत्राने हजारो चालकांचे दर ठरवणे म्हणजे संगनमताने किंमत ठरवणे होय, ही तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये फेटाळली व सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयफोन व अँड्रॉइड फोनवर एकाच फेरीचे वेगळे भाडे दिसते का, याबद्दल दोन्ही कंपन्यांना नोटिसा दिल्या. कंपन्यांनी असा भेदभाव नाकारला. कराच्या बाबतीतही फरक आहे. मीटरवरच्या टॅक्सीला वस्तू व सेवा कर नाही. ॲपवरून केलेल्या मोटारप्रवासावर मात्र तो भरण्याची जबाबदारी कायद्याने ॲपच्या कंपनीवर टाकली आहे.

परवाना व कायदा : काळ्या-पिवळ्या टॅक्सीला शहरापुरता परवाना, मीटर, ठरलेला रंग व चालकाला बॅज लागतो. ॲप-टॅक्सी मुख्यतः पर्यटक परवान्यावर धावू लागल्या. हा परवाना राज्याराज्यांतून हिंडणाऱ्या गाड्यांसाठी असल्याने त्यावर मीटरचे बंधन नव्हते. आम्ही सरकारी दराने बांधलेले आणि समोरचा मोकळा, ही टॅक्सी संघटनांची तक्रार येथून सुरू झाली आणि तिच्यासाठी बंद व मोर्चे झाले. दिल्लीत डिसेंबर २०१४ मध्ये उबरच्या चालकाने प्रवासी महिलेवर केलेल्या बलात्कारानंतर चालकांची पार्श्वभूमी तपासण्याचा व सुरक्षेच्या जबाबदारीचा प्रश्न देशभर पुढे आला.

राज्याने मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्र शहर टॅक्सी नियम काढले. त्यांत शहर परवाना आणि भाड्याची किमान-कमाल मर्यादा ठरवण्याची तरतूद होती. चालकांनी त्यांना न्यायालयात आव्हान दिले आणि अंमलबजावणी रेंगाळली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मध्ये ॲग्रिगेटरची व्याख्या प्रथम आली व त्याला परवाना बंधनकारक झाला. केंद्राच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी भाडेवाढ मूळ दराच्या दीडपटीपर्यंत सीमित केली, भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला देण्यास सांगितले आणि दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त लॉगिन नको, असे ठरवले. या परवान्यासाठी राज्याचे नियम नसल्याने कंपन्या विनापरवाना चालत असल्याचे पाहून मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तात्पुरत्या परवान्यासाठी अर्ज करण्यास फर्मावले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला.

मे २०२५ मध्ये राज्याने समुच्चयक धोरण जाहीर केले. भाडेवाढ दीडपटीपर्यंत, चालकाला किमान ८० टक्के आणि कारणाशिवाय फेरी रद्द केल्यास चालक व प्रवासी दोघांनाही दंड, अशा तरतुदी त्यात आहेत. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये केंद्राने नव्या मार्गदर्शक सूचना काढून वाढीची कमाल मर्यादा मूळ दराच्या दुपटीपर्यंत नेली.

चालक : सुरुवातीच्या वर्षांत इन्सेन्टिव्हमुळे चालकांची कमाई चांगली होती. गाड्या वाढल्या, इन्सेन्टिव्ह आटले, कमिशन व इंधनाचा खर्च वाढला आणि गाडीचे हप्ते मात्र तेच राहिले. मार्च व ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतील चालकांनी संप केले. किलोमीटरमागे ठरावीक दर ही त्यांची मुख्य मागणी होती. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आलेल्या चालकांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतका दर मागितला. एका तपापूर्वी टॅक्सी संघटना ज्या सरकारी दराला आपले बंधन म्हणत, तोच दर आता ॲपच्या चालकांना संरक्षण वाटू लागला आहे.

चालक कंपनीचा कर्मचारी की स्वतंत्र व्यावसायिक, हा प्रश्न जगभर आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क असल्याचा निकाल दिला. भारतात सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने गिग कामगार व प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दरम्यान कंपन्याच कमिशनऐवजी चालकाकडून रोजचे वा महिन्याचे ठरावीक शुल्क घेण्याकडे वळत आहेत. बंगळूरुत २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नम्म यात्री’ने हा मार्ग रिक्षांसाठी रूढ केला. सहकारी तत्त्वावरील ‘भारत टॅक्सी’ हा त्यानंतरचा प्रयत्न होय.

सामायिक प्रवास : अनोळखी प्रवाशांनी भाडे वाटून घेऊन जाण्याची रीत महाराष्ट्रात ॲपच्या कितीतरी आधीची आहे. मुंबईत रेल्वे स्थानकांबाहेरून ठरलेल्या मार्गांवर शेअर टॅक्सी व रिक्षा सुटतात. या मार्गांचे प्रतिप्रवासी दरही प्राधिकरण ठरवते. दादरहून पुण्याला टॅक्सीतील एक सीट घेऊन जाण्याची सोयही जुनीच. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, तर मराठवाड्यात काळी-पिवळी जीप हेच काम करते, मात्र बहुधा परवान्याच्या चौकटीबाहेर. ओला व उबरने २०१५ पासून आणलेली शेअर फेरी ॲपवर तोच हिशेब करू पाहत होती. वाटेत दुसरा प्रवासी घेण्यासाठी लागणारा वेळ, कमी भाडे व चालकाची नाराजी यांमुळे ती डळमळीत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ती बंद झाली. खाजगी गाडीतील रिकाम्या सीटवर सहप्रवासी घेण्याची सोय ‘ब्लाब्लाकार’ने २०१५ मध्ये भारतात आणली. येथे गाडीमालक स्वतःच्याच कामाला निघालेला असतो, म्हणून नफ्यासाठी चालणाऱ्या टॅक्सीपासून ती वेगळी ठरते.

राज्यातील अन्य शहरे व गोवा : पुण्यात मीटरवरच्या टॅक्सीची परंपरा क्षीण, प्रवासी रिक्षांवर अवलंबून. त्यामुळे तेथे संघर्ष मुख्यतः रिक्षाचालक व बाइक-टॅक्सी यांच्यात झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यातील रिक्षाचालकांनी त्यासाठी बंद पुकारला. परवान्याअभावी ‘रॅपिडो’ या बाइक-टॅक्सी कंपनीला जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातील सेवा थांबवण्यास सांगितले. पुढे २०२५ मध्ये राज्याने इलेक्ट्रिक बाइक-टॅक्सीला परवानगी देणारे नियम केले. पुणे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ₹ ३७ व पुढे किलोमीटरला ₹ २५ असा दर लावला. तो ॲपवर पाळला जात नसल्याची चालकांची तक्रार राहिली. गोव्यात टॅक्सी हा किनारपट्टीच्या गावांतील कुटुंबांचा पोटाचा व्यवसाय आहे. तेथे बाहेरच्या कंपन्यांना तीव्र विरोध झाला. २०१८ मध्ये राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या सहभागाने ‘गोवामाइल्स’ हे ॲप आले, पण स्थानिक टॅक्सीमालकांशी त्याचेही खटके उडत राहिले.

मूल्यमापन : ॲपमुळे मुंबईच्या प्रवाशाला आधी कळणारे भाडे, घरापर्यंत येणारी गाडी, प्रवासाची नोंद आणि नातेवाइकांना मार्ग दाखवण्याची सोय मिळाली. रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना व भाषा वा रस्ते न कळणाऱ्या पाहुण्यांना तिचा विशेष उपयोग होतो. स्मार्टफोन न हाताळणारे ज्येष्ठ, जवळच्या अंतरावर जाणारे आणि पावसात अडकलेले यांना मात्र नाक्यावरची काळी-पिवळी अजून अधिक भरवशाची वाटते, कारण तिथे नेटवर्क लागत नाही आणि दर ठरलेला असतो. प्रवाशाकडे जाताना व त्याला सोडून परतताना होणारे रिकामे फेरे ही दोन्ही प्रकारच्या गाड्यांची समान समस्या आहे. मुंबईसारख्या अरुंद रस्त्यांच्या शहरात त्यांचा भार वाहतुकीवर पडतो. दोन्ही व्यवस्थांमधील सीमा आता पुसट होत आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सी व रिक्षा ॲपवर मिळतात, संघटनांनी स्वतःची ॲपे काढून पाहिली आणि ॲप-टॅक्सींवर सरकारी दराची चौकट येत आहे. ही चौकट कागदावर उतरली असली, तरी प्रत्यक्ष भाडे अजून कंपनीचा सर्व्हरच मोजतो. त्यामुळे ती पाळली जाते का, हे तपासण्याची साधने परिवहन विभागाकडे किती आहेत, यावर तिचे यश अवलंबून राहील.