पान कोण उलटणार? पेटीपासून टचस्क्रीनपर्यंत

घाटकोपरच्या आमच्या घरी गेल्या महिन्यात डिजिटल पियानोला टचस्क्रीन मॉनिटर जोडला. घर लहान आणि भिंतीपलीकडे शेजारी, त्यामुळे हेडफोन लावून वाजवता येणारा पियानोच परवडतो. समोर लॅपटॉप ठेवला की पडदा लांब जातो, फोनवर नोटेशन वाचलं तर डोळे दुखतात. म्हणून साडेपंधरा इंची मॉनिटर घेतला, पियानोच्या पुस्तक ठेवायच्या फळीवर टेकवला, वायर लावली. चित्र दिसलं. बोट लावलं, काहीच झालं नाही.

असं काही करणार असाल तर एक लक्षात ठेवा. चित्र एका वायरीने येतं, स्पर्श दुसरीने जातो. एचडीएमआय फक्त चित्र आणते. बोट कुठे लागलं हे कॉम्प्युटरला कळायला यूएसबीची वेगळी वायर लागते. ती लावली तर नवीनच गंमत. बोट पियानोवरच्या पडद्याला, क्लिक लॅपटॉपच्या पडद्यावर! कुठला स्पर्श कुठल्या पडद्याचा, हे सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागलं. तेही झालं. मग वाजवायला बसलो, पान संपलं, आणि लक्षात आलं की दोन्ही हात पट्ट्यांवर आहेत. पडद्याला लावायला बोटच मोकळं नाही.

हा प्रसंग सांगायचं कारण वेगळं आहे. माझ्या पीएचडीचा विषय आहे मुंबईच्या घराघरांतलं संगीतशिक्षण. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी प्रश्न लिहिला होता: 'टचस्क्रीनमुळे घरातलं संगीतशिक्षण कसं बदललं?' गाईडनी 'मुळे' या दोन अक्षरांभोवती लाल गोल केला आणि परत दिला. म्हणाल्या, "बदललं हे तू आधीच ठरवलंयस, कारणही ठरवलंयस. मग शोधणार काय? आधी एवढंच बघ, वाजवणाऱ्याचा कुठला हात मोकळा असतो."

तेव्हा मला हा प्रश्न पोरकट वाटला होता. आता त्याच प्रश्नावर माझं एक प्रकरण उभं आहे.

हात, पाय आणि भाता

हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या आलेक्सांद्र दबॅंनी १८४२ मध्ये घेतलं. ते वाद्य टेबलाएवढं उंच होतं. खुर्चीवर बसायचं, पायांनी भाता मारायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर. आपल्याकडे आलं तेही आधी याच रूपात. मराठीत त्याला 'पायपेटी' म्हणत. पुढे त्याचे पाय गेले, भाता मागच्या बाजूला आला आणि जमिनीवर मांडी घालून वाजवायची पेटी तयार झाली. याचं श्रेय साधारणपणे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना, त्यांच्या १८७५ मध्ये सुरू झालेल्या 'द्वारकिन' या दुकानाला दिलं जातं.

आता हात मोजा. पायपेटीत दोन्ही हात मोकळे होते. हातपेटीत डावा हात भात्याला अडकला, राहिला फक्त उजवा.

इथे मी चूक केली. तुम्हीही कराल, म्हणून सांगतो. मी लिहिलं: 'डावा हात अडकल्यामुळे भारतीय पेटीवादन एकेरी सुरावळीचं झालं, त्यात कॉर्ड आले नाहीत.' वाक्य छान दिसत होतं. पण तपासायला गेलं की लगेच कोसळतं. मराठी संगीत नाटकाकडेच बघा. तिथे रंगमंचासमोर पायाने चालणारा ऑर्गन असायचा. वादकाचे दोन्ही हात मोकळे. तरीही साथ मुख्यतः नटाच्या गाण्यामागून, त्याच्या सुरावळीला धरूनच जायची. म्हणजे हात मोकळा मिळाला म्हणून संगीत बदललं नाही. उलट बघावं लागतं: संगीत आधीपासून एकेरी सुरावळीचं होतं, जमिनीवर बसून गायचं होतं, म्हणून डावा हात भात्याला देऊन टाकणं कुणाला जड गेलं नाही. वाद्य माणसांच्या सवयीला जुळवून घेतलं गेलं.

तुमच्या विषयात 'अमुकमुळे तमुक झालं' असं वाक्य आलं की असाच एक ऑर्गन शोधा. कारण तेच नाही, पण परिणाम तोच आहे, असं उदाहरण. ते सापडलं तर वाक्य बदला. आपलं वाक्य वाचावं म्हणून उदाहरण लपवू नका.

कागद कधी वाचायचा?

आता पट्ट्यांसमोर काय ठेवलं जातं त्याकडे येऊ. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत. विष्णु नारायण भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या. दोघांच्या लिपी वेगळ्या. भातखंड्यांची वाचायला सोपी: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब.

मी गृहीत धरलं होतं की स्वरलिपी म्हणजे पाश्चात्त्य 'शीट म्युझिक'चाच देशी अवतार. पण शीट म्युझिक वाजवता वाजवता वाचतात. भातखंड्यांचं पान बहुतेक वेळा गाण्याआधी किंवा नंतर उघडतं: बंदिश बसवताना, विसरलेली ओळ आठवताना. मैफलीत गायकासमोर ते नसतं. दोन्ही कागदच, पण वापरायची वेळ वेगळी. वस्तूचा इतिहास लिहिताना ती कोणत्या क्षणी हातात घेतली जाते हे विचारलं नाही, तर दोन वेगळ्या गोष्टी एकच वाटतात.

वाजवताना वाचायची परंपराही याच मुंबईत होती. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांमधून स्टाफ नोटेशन शिकलेले वादक मुंबईत आले; हॉटेलांत, बँडमध्ये आणि पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या पुस्तकात अशा वादकांच्या मुलाखती आहेत. मौखिक इतिहास करायचा असेल तर जरूर वाचा. ऑर्केस्ट्रात दोन व्हायोलिनवाले एका स्टँडवर बसतात. पान आलं की आतल्या बाजूचा थांबतो आणि उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. पियानोच्या मैफलीत तर पान उलटायला वेगळा माणूस डाव्या बाजूला बसवतात. हात कमी पडला की दुसऱ्याचा हात घ्यायचा, हा जुना तोडगा.

पडदा आला कुठून?

पट्ट्या आणि पडदा यांची जोडी तुम्हाला वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९७९ साली ऑस्ट्रेलियात बनलेल्या फेअरलाइट सीएमआय या यंत्रात पियानोसारख्या पट्ट्या होत्या, शेजारी मॉनिटर होता आणि पडद्याला लावायला प्रकाशाची लेखणी होती. किंमत एवढी की घरात यायचा प्रश्नच नव्हता.

घरासाठी महत्त्वाचं वर्ष १९८३. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले. या बोलीचं नाव मिडी. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो: कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक, मधला 'सी' म्हणजे ६०. पियानोने एवढंच सांगायचं. त्याचं चित्र करायचं, नोटेशन करायचं की आवाज, ते समोरच्या यंत्राने ठरवायचं. त्याच १९८३ मध्ये एचपीने बोटाने चालणाऱ्या पडद्याचा एचपी-१५० हा कॉम्प्युटर बाजारात आणला. १९९५ मध्ये कॉर्गच्या ट्रिनिटी या कीबोर्डच्या अंगातच टचस्क्रीन बसवलेला होता.

म्हणजे माझ्या घरातली जोडणी काही शोध नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे दोन धागे घाटकोपरच्या एका हॉलमध्ये एकत्र आले, इतकंच.

आत्याची वही

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं, तिकडे येतो. माझी आत्या आमच्याच वस्तीतल्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. प्रबंधासाठी मी तिची वही मागितली. वहीत अभंगाचे शब्द होते, वर 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचं नाव आणि कोपऱ्यात 'काळी चार' किंवा 'काळी पाच'. एवढंच. मी नोंद केली: 'अपूर्ण नोटेशन.'

ती नोंद वाचून दाखवली तेव्हा आत्या म्हणाली, "अपूर्ण काय आहे रे त्यात? मला तर सगळं मिळतं."

खरंच होतं. शब्द समोर हवेत, कारण ते चुकले तर सगळ्या बायका अडखळतात. चाल कानात आहे, फक्त कुठली ते आठवायला हवं. एक नाव पुरतं. सूर कुठून धरायचा ते 'काळी चार' सांगते. तानपुऱ्यावर गाणारे लोकसुद्धा मराठीत आपला षड्ज पट्टीच्या नावाने सांगतात, इतकी पेटी आपल्या भाषेत मुरली आहे. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, आणि पान मध्येच उलटायची गरज नाही, कारण एक अभंग एका पानावर बसवलेला आहे. माझ्या मॉनिटरला जे जमत नव्हतं, ते त्या वहीने कधीच सोडवलं होतं. 'अपूर्ण' होतं ते माझं मोजमाप.

मॉनिटरच्या बाबतीत मी पुढे दोन उपाय केले. एक, पायाने दाबून पान उलटणारं ब्लूटूथ पेडल. म्हणजे फिरून पायपेटीवर आलो म्हणा! दुसरा, मिडीवरून वाजवणं 'ऐकून' पान आपोआप पुढे नेणारं ॲप. छापील तुकड्याला ते छान चालतं. मग आत्याला बसवलं, तिची चाल लिहून ॲपमध्ये घातली. तिने एक ओळ मंडळात घेतात तशी चार वेळा घेतली, तिसऱ्यांदा थोडी वर चढवली. ॲप दुसऱ्या आवर्तनालाच पुढच्या पानावर निघून गेलं. मंडळात कुणी ओळ परत धरली तर पेटीवालीला ते तोंडाकडे बघून कळतं. तिचे डोळे वहीवर कमी आणि बायकांवर जास्त असतात. मोकळ्या हाताइतकेच मोकळे डोळे महत्त्वाचे, हे मला त्या दिवशी कळलं. आता ते माझ्या प्रश्नावलीत आहे.

दप्तरात नाही म्हणजे नव्हतं का?

शेवटची गोष्ट पुराव्याची. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. आक्षेप असा की तिचे सूर ठरलेले, त्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आक्षेपात तथ्य होतं. त्याआधीच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी सप्तकात बारापेक्षा जास्त सूर देणारी श्रुती-हार्मोनियम करून पाहिली होती. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणकारांनी स्वीकारली नाही. रेडिओवरची बंदी १९७१ पर्यंत राहिली आणि तेव्हाही ती एकदम नाही, अंशतः उठली.

आता समजा, तुम्ही फक्त रेडिओची कागदपत्रं वाचून त्या तीस वर्षांतल्या संगीताचा इतिहास लिहिलात. पेटी जवळजवळ गायबच होईल. पण त्याच काळात ती नाटकात होती, भजनात होती, गणपतीच्या आरतीला होती, क्लासमध्ये होती. तिथे कुणी फाइल ठेवत नव्हतं, एवढाच फरक. उद्या कुणी आपल्या काळाचा इतिहास ॲपच्या आकडेवारीवरून लिहिला, तर माझा पियानो त्यात मिनिटामिनिटाने नोंदलेला असेल आणि आत्याची पेटी कुठेच नसेल. कुणाची वही 'अपूर्ण' म्हणून टाकून दिली जाते, हे त्या वेळी ठरतं. आपण संशोधक ते ठरवण्यात सामील असतो.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक काम करा. तुमच्या विषयातली एक वस्तू निवडा आणि ती वापरणाऱ्या माणसाजवळ तासभर बसा. नोंदवही बाजूला ठेवा. कुठला हात कशात गुंतलाय, डोळे कुठे आहेत, कागद कधी उघडतो, चुकलं तर कोण सावरतं, एवढंच बघा. मग घरी येऊन प्रश्न लिहा.

माझ्या सिनॉप्सिसचा नवा प्रश्न असा आहे: 'मुंबईतल्या घरांमध्ये पट्टीवाद्य वाजवताना समोर काय ठेवलं जातं, आणि ते कधी व कोणाच्या मदतीने वाचलं जातं?' यात 'मुळे' नाही. गाईडनी या वेळी फक्त एक स्वल्पविराम हलवला.