तरवार, सुरी आणि विळी

स्वयंपाकघरांतील सुरी हा कांहीं इतिहासाचा विषय नव्हे, असें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल. इतिहास असावयाचा तो तरवारीला. सुरीला आणि विळीला तो कोठून असणार? परंतु अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत जपानी सुऱ्यांविषयीं जें कुतूहल दिसतें, त्याचें मूळ शोधूं लागलें म्हणजे तरवारीपर्यंत जावेंच लागतें. आणि तेथवर गेल्यावर आपल्या विळीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

ओसाकाजवळ साकाई नांवाचें जुनें बंदर आहे. १५४३ सालीं पोर्तुगीज लोक तानेगाशिमा बेटावर उतरले. त्यांच्या व्यापारामागून जपानांत तंबाखूचें व्यसन शिरलें. तंबाखूचीं पानें बारीक चिरण्यासाठीं साकाईचे लोहार सुऱ्या घडवूं लागले, आणि पुढें तोकुगावा सरकारनें त्या सुऱ्यांस आपली मोहोर दिली. म्हणजे सुरीचा धंदा तेथें तरवार जाण्यापूर्वींच प्रतिष्ठेस चढला होता. १८७६ सालीं मेइजी सरकारनें सामुराईंस कमरेला तरवार लावून हिंडण्याची बंदी केली, तेव्हां बेकार झालेल्या कित्येक कारागिरांस हा मार्ग मोकळा सांपडला. कठीण पोलादास मऊ लोखंडाची जोड कशी द्यावी, पात्यास पाणी कसें पाजावें, ही रणांगणाची विद्या भाजी आणि मासळी यांच्या सेवेस लागली. पात्यावर कारागिराचें नांव कोरण्याची जुनी रीतहि तशीच चालूं राहिली.

आतां आपल्याकडे पाहूं. तरवारीस धार आणि झिलई देणाऱ्यास आपण शिकलगार म्हणतों. हा शब्द फारशी भाषेंतून आला. १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोच्या सैन्यानें आमच्या सोलापूरचा भुईकोट घेतला, आणि मराठी फौजांबरोबर शिकलगाराचा मोठा आश्रयहि गेला. १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. जपानच्या बंदीनंतर अवघ्या दोनच वर्षांनीं! तेथील बंदी स्वकीयांची होती, येथील परकीयांची. हा भेद लहान नव्हे. तथापि सगळा दोष परकीयांच्या माथीं मारून आपणांस सुटतां येणार नाहीं. पोलादाची विद्या आपल्याकडे कमी नव्हती. तेलंगणांतील कोनासमुद्रमचें मुशींतलें पोलाद नेण्यास इराणचे व्यापारी येत. उणें होतें तें मानाचें. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचें नांव असतें, घेणाऱ्याचें असतें. घडविणाऱ्याचें मात्र नसतें. विळीवर तर कोणाचेंच नसतें. तरवारीचा शिकलगार विळ्या, सुऱ्या आणि कात्र्यांस धार लावीत दारोदार हिंडूं लागला, तेव्हां त्याच्या हातांत तीच विद्या आहे हें ओळखण्याची दृष्टि आपण दाखविली नाहीं.

विळी ही सुरीहून हीन आहे, असें मात्र कोणी समजूं नये. सुरींत पातें चालतें आणि भाजी स्थिर असते. विळींत पातें स्थिर असून भाजी चालते. पाट पायाखालीं दाबला कीं दोन्ही हात मोकळे राहतात. खालीं बसून काम करणाऱ्या गृहिणीस याहून सोयीचें हत्यार सुचणें कठीण. ओटा उंच झाला आणि बसणें सुटलें, म्हणून सुरीची गरज वाढली, इतकेंच.

ती घेतांना कांहीं गोष्टी पाहाव्या. एकाच बाजूस धार असलेल्या जपानी सुऱ्या मुख्यतः कच्च्या मासळीच्या कामाच्या. कांदे-बटाटे चिरण्यास त्या अवघड. आपल्या भाजीस रुंद, पातळ, सरळ धारेची ‘नाकिरी’ किंवा विसाव्या शतकांत रूढ झालेली सर्वकामी ‘सांतोकू’ योग्य. साधें पोलाद उत्तम धार घेतें, पण कैरी, लिंबू, चिंच यांनीं काळवंडतें आणि ओलें राहिल्यास गंजतें. लगेच धुऊन पुसण्याची शिस्त घरांत नसेल तर न गंजणारें पोलाद बरें. पातें जितकें कठीण तितकी धार टिकते, पण तितकेंच तें ठिसूळ. नारळ फोडण्याच्या किंवा हाडें तोडण्याच्या कामीं तें लावूं नये. मूठ स्वतः हातांत धरून पाहावी. केवळ पात्यावरील नक्षीस भुलूं नये.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: धार कोण लावणार? सहाणेसारखा धारेचा दगड आणि तो वापरण्याचा सराव नसेल, तर महागांतील महाग सुरीहि कांहीं महिन्यांत बोथट होते. म्हणून नवी पेठेंत खरेदीस जाणाऱ्या गृहस्थानें सुरीची किंमत विचारण्यापूर्वीं धार लावणारा कोठें भेटेल तें विचारावें. त्याच्या श्रमाचे पैसे घासाघीस न करतां द्यावे, आणि जमल्यास त्याचें नांवहि विचारून घ्यावें. जपानी लोकांनीं तें पात्यावर कोरलें; आपणांस निदान लक्षांत ठेवण्यास काय हरकत आहे?